अर्धं न बोलणाऱ्या बाई

बाईंबरोबर कामाला जायचं तर अंगाला कसलाही वास चालत नसे. केसांना तेल नाही, तोंडाला पावडर नाही, गजरा तर नाहीच. डब्यात कच्चा कांदा असला तरी तो काढून ठेवायला लावत. एकदा आमचा ड्रायव्हर मेहुण्याच्या लग्नातून थेट कामावर आला होता. गाडी धुळं ओलांडून दोंडाईच्याच्या रस्त्याला लागली तेव्हा बाईंना त्याच्या कानात कापसाचा बोळा दिसला.

"याला कसला वास येतोय?" त्यांनी मला विचारलं.

"अत्तराचा असेल."

"असेल काय? आहे की नाही?"

"आहे."

बाईंनी गाडी थांबवली. रस्त्याकडेच्या शेतात मोटार चालू होती, तिच्या धारेखाली त्याला कान-मान सगळं धुवायला लावलं. तेवढ्यानेही भागलं नाही, म्हणून उरलेला रस्ता स्वतः गाडी चालवली आणि त्याला मागे, उघड्या खिडकीशी बसवलं. शहादा येईपर्यंत तो बिचारा नव्या नवरीसारखा तोंड बाहेर वळवून बसला होता.

मी तेव्हा नुकतीच भूगर्भशास्त्र शिकून नाशिकच्या एका छोट्या कंपनीत लागले होते. जमीन आणि पाणी तपासणं हे आमचं काम. बंद पडलेले कारखाने, जुने पेट्रोल पंप, मोडीत निघालेली गोदामं. तिथल्या जमिनीत काय मुरलंय आणि ते कुठवर पोचलंय ते शोधायचं. बाई आमच्या वरिष्ठ. वय पन्नाशीच्या पुढे, केस पोरासारखे कापलेले, पंजाबी ड्रेसवर पुरुषी चौकटीचा शर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट. माहेर म्हसावदकडचं, केळीच्या बागा असलेल्या शेतकरी घरातलं. माहेर म्हणायचं एवढंच, कारण सासर त्यांनी केलंच नव्हतं.

पाण्याच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत भरल्या की बाई त्या पेटीला पुढच्या सीटवर ठेवून पट्टा बांधत आणि स्वतः मागे बसत. खड्डा आला की मागून म्हणत, "पेशंट आहे पुढे, जरा बघून." प्रयोगशाळेत बाटल्या पोचेपर्यंत त्या धड जेवतही नसत. पण या सगळ्याहून मोठा छळ म्हणजे त्यांनी आम्हाला काही शब्द वापरायची बंदी घातली होती. 'बहुतेक' नाही, 'साधारण' नाही, 'वाटतं' नाही. कुणी बोलून गेलंच तर बाई हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघत राहत. रागावत नसत, नुसत्या बघत. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

या सवयींना आम्ही ऑफिसात मागे हसत असू. शहाद्याकडून म्हसावदला जाताना लागणाऱ्या त्या गावात मात्र मला त्यांचं हसू आलं नाही. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

तक्रार साधी होती. गावातल्या एका गल्लीतल्या विहिरीच्या पाण्याला वास येत होता. आधी एका घरच्या वरणाला आला, मग शेजारच्यांच्या, मग सार्वजनिक विहिरीवर गेलेल्या बायका रिकाम्या हंड्यांनिशी परत येऊ लागल्या. पंचायतीने टँकर सुरू केला आणि तपासणीसाठी आम्हाला बोलावलं.

आम्ही पोचलो ती भर दुपारची वेळ. चैत्राचं ऊन रणरणत होतं. सार्वजनिक विहिरीभोवती माणसांचा गराडा दिसला. आमची वाट न बघता गावाने विहीर उपसून साफ करायचं ठरवलं होतं. काठावर डिझेलचं इंजन मांडलेलं, एक जण त्याला हँडल लावून उभा. गुलाब नावाचा मजूर कमरेला दोर बांधून आत उतरत होता.

बाई गाडीतून उतरल्या त्या धावतच सुटल्या. मीही मागे. काठाजवळ येताच माझा घसा खवखवला.

"काय वास?" बाईंनी माझं मनगट धरून विचारलं.

"पेट्रोल—"

"पेट्रोल की पेट्रोलसारखा?"

"पेट्रोल. भरपूर."

बाई ओरडल्या. ऑफिसात अगदी पुस्तकी मराठी बोलणारी ही बाई त्या क्षणी म्हसावदकडची, जन्माची भाषा बोलली. "हँडल मारू नको रे! बिड्या इझाडा! बठ्ठा मांगे सरका, मांगे!"

इंजनाचा माणूस गोंधळून थांबला, कुणीकुणी बिड्या विझवल्या. एका ठिणगीने ती विहीर पेटली असती हे मला तेव्हा डोक्याने कळत होतं, अंगाला अजून कळलं नव्हतं. खाली गुलाबने पायरी शोधायला पाय सोडला, पण तो पाय पायरीवर टेकलाच नाही. त्याची मान छातीवर पडली आणि तो दोरीला ओल्या कपड्यासारखा लोंबू लागला.

विहिरीत हवाच उरली नव्हती. पेट्रोलची वाफ जड असते, ती खाली साचून राहते आणि श्वासाची हवा वर ढकलते.

"ओढा!" बाई म्हणाल्या. दोर धरणारे ओढू लागले, पण दोर काठाच्या दगडात अडकला. तेवढ्यात गुलाबचा मोठा भाऊ सुकलाल गर्दीतून पुढे आला आणि पायऱ्यांकडे झेपावला. बाईंनी त्याला मागून सदऱ्याला धरून खाली पाडलं आणि सरळ त्याच्या पाठीवर बसल्या.

"सोडा! मन्हा भाऊ शे तो!"

"शे ना. एक गया तं एकच जाई. दुसरा जावाना नही."

हे वाक्य बाईंनी इतक्या शांतपणे उच्चारलं, की गर्दीतल्या बायांनी तोंडावर पदर घेतला. सुकलाल त्यांच्याखाली धडपडत होता, मातीत नखं रोवत होता. त्यांनी वजन हलवलं नाही. दोर सुटला, गुलाब वर आला. त्याचे ओठ निळे पडले होते. त्याला लिंबाच्या सावलीत नेऊन आडवं केलं, छाती मोकळी केली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याने खोकून उलटी केली आणि आईला हाक मारली.

बाई उठल्या. सुकलालने त्यांच्याकडे असं बघितलं, की मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. गुलाबला गाडीत घालून शहाद्याला पाठवलं. विहिरीभोवती दोर बांधला, इंजन लांब नेलं. मग बाई एका ओट्यावर बसल्या.

"बाई, तुम्हाला काठावर वास आला नाही?" मी विचारलं.

"मला कशाचाच येत नाही," त्या म्हणाल्या. "कोरोनात नाक गेलं ते गेलंच. भजी जळली तरी कळत नाही. म्हणून तुला घेऊन फिरते. आणि म्हणून तुझ्या अंगाला वास नको असतो. कंपनीत सांगायचं असेल तर सांग."

मी सांगितलं नाही.

*

त्या दुपारनंतर गावाला माणूस हवा होता. पाणी नासलं होतं, एक जण मरता मरता वाचला होता, तेव्हा कुणीतरी ते केलेलं असणारच. आणि तो माणूस गावाला आधीच सापडला होता.

गल्लीच्या खालच्या टोकाला युनूसभाईंचं गॅरेज होतं. ट्रॅक्टर, फटफटी, पाण्याची इंजनं, सगळं ते दुरुस्त करीत. त्यांचं घराणं गावात कित्येक पिढ्या राहत आलेलं. आजोबा बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवत असत, असं जुनी माणसं सांगत. गॅरेजपुढचं अंगण वर्षानुवर्षं सांडलेल्या ऑइलने काळं झालेलं होतं. ते सगळ्यांना दिसत होतं, आणि जे दिसत होतं तेच गावाने खरं धरलं.

पंचायतीसमोर सभा भरली. सगळ्यात पुढे भटूआप्पा बसले होते. गावाच्या वरच्या अंगाला त्यांची पपईची मोठी बाग, आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन. युनूसभाई मागे खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या आजूबाजूला मोकळी जागा होती. गर्दी दाटीवाटीने उभी असूनही तेवढी जागा कुणी भरली नव्हती.

"बाई, तुम्ही त्यानं आंगन देखं ना?" आप्पांनी विचारलं. "काळंभोर शे."

"पाहिलं," बाई म्हणाल्या.

"मंग व्हय म्हना. तुम्ही एकदा व्हय म्हना, पुढलं आम्ही देखी लेसूत."

"मी हो म्हणणार नाही."

"म्हंजे त्यानं करं नही?"

"मी तेही म्हणणार नाही."

सभेत एकदम गलका झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "ह्या पैसा खाईसन उन्यात!" दुसऱ्याने युनूसभाईंच्या जातीवरून काहीतरी म्हटलं. बाई तशाच उभ्या राहिल्या. गलका ओसरल्यावर म्हणाल्या, "माझं काम संपलं नाही. संपेल तेव्हा इथेच उभी राहून सांगेन. तोवर कुणी कुणाच्या दाराला हात लावायचा नाही."

त्यांचं हे शेवटचं वाक्य फुकट गेलं. दुसऱ्याच दिवशी गॅरेजची पाटी उखडून नालीत टाकलेली दिसली. दुरुस्तीला आलेले ट्रॅक्टर लोक ओढून दुसरीकडे घेऊन गेले.

आम्ही विहिरी मोजत होतो. गल्लीतल्या, शेतातल्या, जिथे उतरवता येईल तिथे पट्टी उतरवून पाण्याची पातळी घेत होतो. संध्याकाळी बाईंनी शाळेच्या व्हरांड्यात खडूने फरशीवर गाव काढलं आणि आकडे मांडले. चित्र स्वच्छ होतं. जमिनीखालचं पाणी सातपुड्याकडून तापीकडे, म्हणजे गावाच्या वरून खाली उतरत होतं. नासलेल्या विहिरी मधे होत्या. गॅरेज त्यांच्या खाली. गॅरेजमधली घाण पाण्यात गेली असती तरी ती आणखी खाली गेली असती. चढून विहिरीत आली नसती.

"म्हणजे युनूसभाई सुटले!" मी म्हणाले.

बाईंनी वरच्या अंगाला एक गोल काढला. "ही भटूआप्पांची बोअर. दिवसभर पाणी ओढते. ओढ जोराची असली तर मधलं पाणी उलटं चढेल. मग गॅरेजचंही विहिरीत येईल."

"पण तसं होत असेल असं तुम्हाला वाटतं?"

त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

*

युनूसभाई दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात आले. आम्ही बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होतो. ते पायरीखालीच उभे राहिले. हात धुऊन आले होते, तरी नखांतलं काळं गेलं नव्हतं.

"बाई, पाणी वरतीन खाले जास. हाई माले लहानपनपासून माहीत शे. तुम्ही मोजं, तुमलेबी माहीत शे."

"मोजणी अर्धी झाली आहे."

"अर्धी का व्हयना, तितलं तं सांगा! 'त्यानं नसेल' इतलंच सांगा लोकेस्ले. मन्ही मायले काल टँकरवर मांगे लोटं. पंच्याहत्तर वरीसनी बाई ती. हंडा पडना तिना पायवर."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "युनूसभाई, आज मी सांगितलं आणि परवा मोजणी उलटी निघाली, तर तुमचं काय होईल?"

"परवानं परवा देखसूत."

"मला तसं बोलता येत नाही."

ते जायला वळले. मग हळूच म्हणाले, "तुमले बोलता येस. तुम्ही बोलतस नही." आणि गेले.

मी तोवर बाईंशी कधी मोठ्याने बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. म्हटलं, हा काय शास्त्राचा प्रश्न आहे का? एका म्हातारीला पाणी मिळत नाहीये. तुमच्या पुस्तकी हट्टापायी उद्या त्या गॅरेजला काडी लागेल. तुम्ही त्या दिवशी विहिरीवर सुकलालला दाबून धरलंत ते बरोबर होतं, पण हे बरोबर नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आज त्याच्या बाजूने अर्धं बोलले तर उद्या दुसऱ्या कुणाच्या विरुद्ध अर्धं बोलायला माझी जीभ मोकळी होईल. हे लोक मला फक्त एकदा ऐकणार आहेत. ते एकदा मी खर्च करून टाकू?"

"आणि म्हातारी?"

त्या पुन्हा बाटल्यांवर चिठ्ठ्या लावू लागल्या. पण दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा बाई रांगेत उभ्या होत्या. युनूसभाईंच्या आईच्या अगदी मागे, डोक्यावर उलटा हंडा, पायात ते कॅनव्हासचे बूट. कुणी म्हातारीच्या पुढे घुसायला लागलं की बाई फक्त हंडा खाली ठेवत आणि त्या माणसाकडे बघत. ती नजर मला पाठ होती. काम संपेपर्यंत त्या रोज रांगेत उभ्या राहिल्या, तिचा भरलेला हंडा घरापर्यंत नेला. दाराच्या आत गेल्या नाहीत, तिच्याशी बोलल्याही नाहीत. युनूसभाई त्यांना बघून तोंड फिरवत.

बोअर बंद करायला भटूआप्पांनी आधी साफ नकार दिला. पपई फुलावर होती, उन्हाने करपली असती. बाईंनी त्यांना फरशीवरचं चित्र दाखवलं. म्हणाल्या, "तुमची बोअर बंद असताना मोजलं तरच गॅरेजवर बोट ठेवता येईल, नाहीतर कधीच नाही." आप्पांची खात्रीच होती की दोषी युनूसभाईच. त्या खात्रीनेच त्यांनी स्टार्टरची किल्ली बाईंच्या हातावर ठेवली.

बोअर बंद करून पाणी स्थिर होऊ दिलं, सगळ्या विहिरी पुन्हा मोजल्या. मग बोअर सुरू करून परत. पाणी दोन्ही वेळेला तापीकडेच उतरत होतं. आप्पांची बोअर खूप खोलवरचं पाणी ओढत होती; विहिरींच्या पाण्यापर्यंत तिची ओढ पोचत नव्हती.

मग आम्ही जमिनीत भोकं पाडली. युनूसभाईंच्या अंगणात वरची माती काळी होती, पण हातभर खाली गेलं की पिवळी, कोरडी, निर्मळ. बाई प्रत्येक मूठ माझ्या नाकाशी धरत आणि विचारत, "काय?" आणि मी म्हणत असे, "माती." नंतर गल्लीच्या वरच्या टोकाला, भटूआप्पांच्या मिरची वाळवायच्या सिमेंटच्या खळ्याशी भोक पाडलं. वर माती निर्मळ होती. खाली, माणूस बुडेल इतक्या खोलीवरून आलेल्या मातीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय?" बाईंनी विचारलं.

"पेट्रोल."

बाईंनी आप्पांना बोलावलं. "आप्पा, या खळ्याच्या आधी इथे काय होतं?"

आप्पांचा चेहरा एकदम उतरला. कधीकाळी तिथे पेट्रोल पंप होता. बंद पडल्यावर मालक वारला, त्याची मुलं सुरतेला निघून गेली. आप्पांनी जागा घेतली तेव्हा, टाक्या काढल्या, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी वर सिमेंट ओतलं, आणि टाक्या गेल्याच म्हणून गावानेही पंप मनातून काढून टाकला.

एक टाकी तशीच राहिली होती.

*

प्रयोगशाळेचे निकाल आल्यावर बाईंनी खोदायला परवानगी घेतली. गाव सकाळपासून खळ्याभोवती जमलं. लोक दोराच्या बाहेर राहतील, मोबाईल बंद राहतील, याची बाईंनी इतकी कडक व्यवस्था केली होती की पंचायतीच्या शिपायालाही त्यांनी परत पाठवलं, कारण त्याच्या खिशात काडेपेटी होती. आधी आतलं उरलंसुरलं पेट्रोल उपसलं, मग वाफ निघून जावी म्हणून टाकीत पाणी भरलं, वाफ मोजायचं पिवळं यंत्र दर थोड्या वेळाने लावून पाहिलं. मगच जेसीबीने बाजूची माती काढली. माझं सगळं लक्ष त्या यंत्राच्या काट्यावर होतं.

आता गर्दीची नजर भटूआप्पांवर होती. परवापर्यंत त्यांच्या मागे उभे असलेले लोक आता त्यांच्यापासून अंतर ठेवून उभे होते. कुणीतरी म्हणालं, "आप्पाले मालूमच व्हई." आप्पांनी ऐकलं.

टाकी वर आली. गंजाने खवले सुटलेली, डांबराचा थर जागोजागी उडालेला. आत उरलेलं पाणी सोडलं, तिला बाजूवर फिरवलं आणि बुडाला भोक दिसलं. बोरासारखं लहान, कडा गुळगुळीत. ते टाकीत जाणाऱ्या एका नळीच्या अगदी खाली होतं. बाकी बूड शाबूत. बाई भोकाजवळ वाकल्या, त्यात बोट घातलं आणि वर नळीकडे पाहिलं. त्यांना कारण कळलं हे मला त्यांच्या पाठीवरून समजलं. पण त्या काही बोलण्याआधी गर्दीतून आवाज आला.

"हाई भोक दांडीनं शे."

युनूसभाई होते. दोराला पोट लावून उभे. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती.

"मन्हा बाप अठे पंपवर कामले व्हता. रोज सकायले तो त्या नळीमातून दांडी टाके. पेट्रोल कितलं शे ते देखाले. दांडी खाले आपटे, टण् करीसन. मी धाकला व्हतू. माले तो आवाज मालूम शे."

मग जे व्हायचं तेच झालं. मागून एक जण म्हणाला, "म्हंजे शेवट यास्नाच बापनी—" आणि त्या वाक्यासरशी गर्दी पुन्हा हलली. आप्पांच्या बाजूला मोकळी झालेली जागा भरू लागली आणि युनूसभाईंच्या बाजूला नवी मोकळी होऊ लागली. मी ते डोळ्यांनी पाहिलं. युनूसभाईंनीही पाहिलं असणार. त्यांनी एक पाऊलही मागे घेतलं नाही.

बाई खड्ड्याच्या काठावर चढून उभ्या राहिल्या.

"आते आयका," त्या म्हणाल्या. "मन्हं काम सरनं. आते पुरं सांगस."

त्यांनी आवाज चढवला नाही. लोक ऐकायला पुढे सरकले.

"दांडी टाकनं युनूसना बापनं काम व्हतं. त्यानी ते रोज करं. दांडी जठे आपटस तठे टाकीना बुडले जाड लोखंडनी पाटी लावनी पडस. ते मालकनं काम. अठे पाटी नही. आयका, पाटी नही. म्हनीसन बूड झिजनं, मांगून गंजनी भोक पाडं. पंप बंद व्हयना तवय टाकी रिकामी करीसन काढनी पडस. तेबी मालकनं काम. तेबी करं नही. आप्पाले खोटं सांगं. युनूसना बापनी चूक नही. युनूसनी नही. आप्पानीबी नही. ज्यानी चूक व्हती तो मरी गया. आते भांडानं व्हई तं मन्हासंगे भांडा."

कुणी भांडलं नाही. जो बोलला होता तो दुसऱ्यांच्या मागे गेला. सुकलाल, ज्याच्या पाठीवर बाई बसल्या होत्या, तो दोर ओलांडून आत आला आणि माती वाहायला घमेलं उचललं. त्याच्यामागे आणखी काही जण आले.

*

टाकी निघाली म्हणून पाणी लगेच शुद्ध होत नाही. खळ्याखालची माती काढून दूर नेली, विहिरींचं पाणी उपसून गाळत राहावं लागलं, गल्लीला नळ आले. वर्ष उलटलं तरी एका विहिरीचा वास गेला नव्हता. पाणी तपासायला आम्ही अधूनमधून जात असू.

पहिल्या फेरीला गेलो तेव्हा गॅरेजची पाटी पुन्हा लागलेली होती. आप्पांचा ट्रॅक्टर दारात उभा होता. त्याला झालेलं काहीच नव्हतं, असं युनूसभाईंनी मला सांगितलं. आप्पा नुसता घेऊन आले, बसले, तंबाखू खाल्ली, "आवाज करस" म्हणाले आणि निघून गेले. माफी वगैरे त्यांच्या तोंडात बसली नसती.

युनूसभाई बाईंशी मात्र बोलत नव्हते. त्या दिवशी बाई खालच्या विहिरीवर होत्या आणि मी एकटीच गॅरेजपाशी. ते पाना पुसत म्हणाले, "ताई, त्या दिन बाईस्नी माले अर्ध्या मोजनीवरच निर्दोष म्हनी दिधं असतं ना, तं खड्डावर मन्हं तोंड उघडतं नही. लोके म्हनतीस, बाई खोटी पडनी. बापनी दांडी मी गिळी जातू. जलमभर पोटमा ऱ्हाती ती."

मग जरा वेळाने म्हणाले, "पन मन्ही मायले लोकेस्नी लोटं. बाईना एक शब्दवर ते थांबतं. ते मी इसरस नही. त्यास्ले सांगी द्या."

मी सांगितलं, जसंच्या तसं. बाई बाटलीचं झाकण लावत होत्या. ते लावून झालं, बाटली पेटीत गेली. मग त्या उठल्या आणि एकट्याच गॅरेजच्या मागच्या घराकडे चालत गेल्या. इतके दिवस ज्या दाराच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे गेले, ते राहवलं नाही म्हणून.

म्हातारी ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"माय," बाई म्हणाल्या, "त्या दिन मी बोलनी नही. बोलाले पाहिजे व्हतं, असं मी आजबी म्हनाव नही. पन तुले तरास व्हयना, तो मन्हामुळे व्हयना. ते सांगाले उनी."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. बाईंकडे बराच वेळ पाहिलं. कापलेले केस, तो शर्ट, ते बूट.

"तुन्ही माय जित्ती शे का?"

"नही."

"घर कोन शे?"

"कोनी नही."

म्हातारीने ओसरीवरची चटई हाताने झटकली.

"मंग बस अठे," ती म्हणाली.

बाई बूट काढून बसल्या.